हॉट हॅच आणि विद्युतीकरण

हॉट हॅच (किंवा हॉट हॅचबॅक) हा मोटारगाड्यांचा एक प्रकार आहे. सर्वसाधारण कुटुंबासाठी बनवलेल्या छोट्या हॅचबॅक गाडीला अधिक शक्तिशाली इंजिन, कडक सस्पेन्शन व सुधारित ब्रेक देऊन तयार केलेल्या गाडीस हे नाव दिले जाते. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून युरोपात हा प्रकार लोकप्रिय झाला. सामान्य गाडीची उपयुक्तता, कमी वजन आणि स्पोर्ट्स कारपेक्षा बरीच कमी किंमत ही त्याची तीन मुख्य वैशिष्ट्ये मानली जातात. २०२० नंतर कार्बन उत्सर्जनाचे नियम कडक झाल्यामुळे पेट्रोलवर चालणारी अनेक मॉडेले बंद झाली व त्यांची जागा विद्युत मॉडेले घेऊ लागली. या स्थित्यंतरात शक्ती मिळवणे सोपे झाले असले, तरी कमी वजन आणि परवडणारी किंमत टिकवणे कठीण झाले आहे.

या लेखातील शक्तीचे आकडे, वेगळा उल्लेख नसल्यास, मेट्रिक अश्वशक्तीत दिले आहेत.

नाव आणि व्याख्या

मागील बाजूस वर उघडणारे दार असलेल्या गाडीस हॅचबॅक म्हणतात. ‘हॉट हॅच’ हा शब्दप्रयोग १९८० च्या दशकात ब्रिटिश मोटार नियतकालिकांतून रूढ झाला. या प्रकाराची कोणतीही अधिकृत व्याख्या नाही. गाडी मोठ्या प्रमाणावर विकल्या जाणाऱ्या एखाद्या साध्या मॉडेलवर आधारित असावी, एवढी अट मात्र सर्वसाधारणपणे मान्य आहे. सांगाडा, दारे, काचा आणि बहुतेक सुटे भाग साध्या मॉडेलचेच असल्याने विकासाचा खर्च लाखो गाड्यांवर विभागला जातो, आणि त्यामुळे वेगवान गाडी मध्यमवर्गीय ग्राहकाच्या आवाक्यात येते.

इतिहास

१९६१ साली बाजारात आलेली मिनी कूपर ही या प्रकाराची पूर्वसूरी मानली जाते. तिला मागे उघडणारे मोठे दार नव्हते, त्यामुळे ती काटेकोर अर्थाने हॅचबॅक नव्हती. तथापि, हलकी छोटी गाडी मोठ्या गाड्यांना वळणावळणाच्या रस्त्यावर मागे टाकू शकते, हे तिने सिद्ध केले. मिनीने १९६४, १९६५ आणि १९६७ साली मॉन्टे कार्लो रॅली जिंकली.

या प्रकाराला निश्चित रूप दिले ते फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय या गाडीने. ती सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफर्ट येथील प्रदर्शनात सादर झाली आणि १९७६ साली विक्रीस आली. तिच्या १.६ लिटर इंजिनाची शक्ती ११० अश्वशक्ती आणि गाडीचे वजन सुमारे ८१० किलो होते. ताशी १०० किमी वेग गाठण्यास तिला सुमारे ९ सेकंद लागत. सुरुवातीस केवळ ५,००० गाड्या बनवण्याची योजना होती. प्रत्यक्षात पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. त्याच वर्षी फ्रान्समध्ये रेनॉ ५ अल्पीन ही गाडी आली. १९८४ मध्ये आलेल्या पूजो २०५ जीटीआयने या प्रकाराची लोकप्रियता आणखी वाढवली.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीस ब्रिटनमध्ये हा प्रकार प्रथमच संकटात सापडला. गाड्यांच्या चोऱ्या व तरुण चालकांचे अपघात वाढल्याने विम्याचे हप्ते भरमसाट वाढले आणि मागणी घटली. पुढे कुलूपबंद इंजिन यंत्रणा सक्तीच्या झाल्या, गाड्या अधिक सुरक्षित झाल्या आणि २००० च्या दशकात हॉट हॅचला पुन्हा ग्राहक मिळाले. या काळात टर्बोचार्जरच्या वापरामुळे शक्ती झपाट्याने वाढली. फोर्ड फोकस आरएसच्या २०१६ च्या आवृत्तीत ती ३५० अश्वशक्तीपर्यंत पोहोचली. सुरक्षा व सुखसोयींच्या साधनांमुळे वजनही वाढत गेले. गोल्फ जीटीआयच्या आठव्या पिढीचे वजन पहिल्या पिढीपेक्षा सुमारे ६०० किलो अधिक आहे. वजनवाढीचा प्रश्न त्यामुळे विद्युतीकरणाआधीपासूनचा आहे.

उत्सर्जनाचे नियम आणि पेट्रोल मॉडेलांची माघार

युरोपीय संघाच्या नियमांनुसार प्रत्येक उत्पादकाच्या नव्या गाड्यांच्या सरासरी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनावर मर्यादा असते. मर्यादा ओलांडल्यास प्रत्येक अतिरिक्त ग्रॅमसाठी, विकलेल्या प्रत्येक गाडीमागे, ९५ युरो दंड आकारला जातो. दंड सरासरीवर असल्याने कमी संख्येने विकली जाणारी, पण जास्त इंधन जाळणारी गाडी संपूर्ण कंपनीचा हिशेब बिघडवते. महागड्या स्पोर्ट्स कारच्या किमतीत असा खर्च सामावून घेता येतो. हॉट हॅचच्या मर्यादित नफ्यात तो सामावणे अवघड असते.

२०२३ साली संमत झालेल्या सुधारणेनुसार २०३५ पासून नव्या गाड्यांचे उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरले. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने हे उद्दिष्ट ९० टक्के कपातीपर्यंत शिथिल करण्याचा प्रस्ताव मांडला. काही देशांत खरेदीच्या वेळी स्वतंत्र करही लागतो. फ्रान्समध्ये उत्सर्जनावर आधारित या कराची कमाल मर्यादा २०२४ मध्ये ६०,००० युरो होती. ही रक्कम अनेक हॉट हॅचच्या मूळ किमतीपेक्षा अधिक आहे.

याचा परिणाम अल्पावधीत दिसून आला. फोर्ड फोकस आरएसचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले. २०२३ मध्ये रेनॉ मेगान आरएस बंद झाली आणि फोर्ड फिएस्टाचे उत्पादन संपल्याने तिची एसटी आवृत्तीही संपुष्टात आली. ह्युंदाईने आय२० एन व आय३० एन हॅचबॅक या गाड्या २०२४ मध्ये युरोपीय बाजारातून मागे घेतल्या. फिएस्टाचे उदाहरण या प्रकाराची एक मूलभूत मर्यादा दाखवते: आधारभूत साधी गाडीच बंद झाली, तर तिच्यावर बेतलेली वेगवान आवृत्ती टिकू शकत नाही. टोयोटा जीआर यारिस ही २०२० मध्ये आलेली गाडी याला अपवाद ठरली, कारण तिचा विकास प्रामुख्याने जागतिक रॅली स्पर्धेच्या गरजेतून झाला होता.

विद्युत तंत्रज्ञानाचे परिणाम

शक्ती

विद्युत मोटर थांबलेल्या अवस्थेपासूनच आपला कमाल टॉर्क (घूर्णबल) देऊ शकते. पेट्रोल इंजिनात अधिक शक्तीसाठी टर्बोचार्जर, मजबूत अंतर्गत भाग व वाढीव शीतकरण लागते. विद्युत गाडीत मोठी मोटर व अधिक क्षमतेचे इन्व्हर्टर बसवणे तुलनेने सोपे आहे. परिणामी, पूर्वी केवळ महागड्या गाड्यांत आढळणारा प्रवेग साध्या कौटुंबिक विद्युत गाड्यांतही आढळू लागला आहे. २०२३ मध्ये आलेल्या एमजी ४ एक्सपॉवर या गाडीत दोन मोटरांची मिळून ४३५ अश्वशक्ती आहे आणि ती ३.८ सेकंदांत ताशी १०० किमी वेग गाठते. सरळ रेषेतील प्रवेग हा त्यामुळे हॉट हॅचला वेगळेपण देणारा गुण राहिलेला नाही.

वजन

छोट्या गाडीतील ५० किलोवॅट-तासांच्या आसपासच्या बॅटरीचे वजन सुमारे ३०० किलो असते. ४० लिटर पेट्रोलचे वजन साधारण ३० किलो भरते आणि प्रवासात ते कमी होत जाते; बॅटरीचे वजन मात्र कायम राहते. गाडी जड असल्यास वळणावर टायरांना अधिक बल पेलावे लागते, ब्रेकना अधिक ऊर्जा शोषावी लागते आणि सस्पेन्शन अधिक कडक ठेवावे लागते. टायरही लवकर झिजतात. बॅटरी तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली येतो व गाडी वळणावर कमी कलते, हा एक फायदा आहे. पण बॅटरीमुळे तळाची उंची वाढते आणि त्यासोबत आसन व छतही वर जाते.

वजन व शक्ती यांच्या गुणोत्तरावरून हा बदल स्पष्ट होतो. पहिल्या गोल्फ जीटीआयमध्ये प्रत्येक अश्वशक्तीमागे सुमारे ७.४ किलो वजन होते. अल्पीन ए२९० या विद्युत गाडीत हा आकडा सुमारे ६.७ आहे. म्हणजे विद्युत गाडी कागदावर सरस ठरते. परंतु तिचे एकूण वजन जवळजवळ दुप्पट आहे. शक्ती वाढवून प्रवेग भरून काढता येतो, पण वळणावरील चपळाई त्याच मार्गाने भरून काढता येत नाही.

गिअर, आवाज आणि चालकाचा सहभाग

पेट्रोल इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या टप्प्यातच उत्तम शक्ती देत असल्याने त्याला गिअरबॉक्सची गरज असते. योग्य गिअर निवडणे हा हॉट हॅच चालवण्याच्या आनंदाचा मोठा भाग मानला जाई. बहुतेक विद्युत गाड्यांत एकच गिअर असतो व इंजिनाचा आवाजही नसतो. उत्पादकांनी यावर वेगवेगळे उपाय योजले आहेत. २०२३ मध्ये आलेल्या अबार्थ ५००ई गाडीत बाहेरील बाजूस कृत्रिम आवाज निर्माण करणारी यंत्रणा आहे. त्याच वर्षी सादर झालेल्या ह्युंदाई आयोनिक ५ एनमध्ये आठ गिअरांच्या गिअरबॉक्सचा आभास निर्माण केला जातो. गिअर बदलताना बसणारा हलका झटका मोटरचा टॉर्क क्षणभर बदलून साधला जातो. ही गाडी सुमारे २.२ टन वजनाची व आकाराने मोठी असल्याने रूढ अर्थाने हॉट हॅच ठरत नाही, मात्र तिच्या या यंत्रणेचा प्रभाव संपूर्ण क्षेत्रावर पडला आहे. अशा उपायांना काही चालक खोटेपणा मानतात. तर काहींच्या मते आवाज व गिअर ही चालकाला वेगाची जाणीव देणारी साधने असल्याने ती कृत्रिम असली तरी उपयुक्त आहेत.

उष्णता

सतत वेगाने चालवल्यास बॅटरी व मोटर तापतात आणि नियंत्रक यंत्रणा शक्ती कमी करते. शर्यतीच्या मार्गावर अनेक फेऱ्या मारणाऱ्यांसाठी ही महत्त्वाची मर्यादा आहे. त्यावर मात करण्यासाठी मोठी शीतकरण यंत्रणा लागते, आणि तिच्यामुळे पुन्हा वजन व किंमत वाढते.

प्रमुख विद्युत मॉडेले

जून २०२४ मध्ये सादर झालेली अल्पीन ए२९० ही विद्युत रेनॉ ५ वर आधारित आहे. तिच्यात ५२ किलोवॅट-तासांची बॅटरी असून सर्वांत शक्तिशाली आवृत्ती २२० अश्वशक्तीची आहे. तिचे वजन सुमारे १,४८० किलो आहे. रेनॉ ५ व अल्पीन ए२९० यांना संयुक्तपणे २०२५ चा युरोपीय ‘कार ऑफ द इयर’ पुरस्कार मिळाला. जून २०२५ मध्ये पूजोने ई-२०८ जीटीआय ही २८० अश्वशक्तीची गाडी सादर केली. जीटीआय हे नाव विद्युत गाडीस देण्याचा हा पूजोचा निर्णय, तसेच फोक्सवॅगनने २०२३ मध्ये दाखवलेली आयडी. जीटीआय ही संकल्पना गाडी, यांवरून जुन्या नावांचा वारसा विद्युत पिढीकडे नेण्याचे धोरण दिसते. कुप्रा बॉर्न व्हीझेड आणि मिनी जॉन कूपर वर्क्स इलेक्ट्रिक ही या गटातील अन्य मॉडेले आहेत.

किंमत आणि ग्राहक

हॉट हॅचची परंपरा तरुण व मध्यम उत्पन्नाच्या ग्राहकांशी जोडलेली आहे. अल्पीन ए२९० ची फ्रान्समधील आरंभीची किंमत ३८,७०० युरो होती. विद्युत गाडीच्या किमतीत बॅटरीचा वाटा मोठा असल्याने साधी व वेगवान आवृत्ती यांच्यातील फरकापेक्षा साध्या गाडीची मूळ किंमतच निर्णायक ठरते. जुनी गाडी स्वस्तात घेऊन तिच्यात स्वतः सुधारणा करण्याची पद्धतही या संस्कृतीचा भाग होती. विद्युत गाड्यांत शक्ती सॉफ्टवेअरने नियंत्रित होत असल्याने आणि उच्च दाबाच्या वीजयंत्रणेवर काम करण्यास विशेष प्रशिक्षण लागत असल्याने घरगुती बदलांना कमी वाव राहतो. दुसरीकडे, घरी चार्जिंगची सोय असलेल्या मालकाचा दैनंदिन इंधनखर्च व देखभालखर्च कमी होतो.

भारत

भारतात या प्रकाराची घडण करनियमांनी ठरवली. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल इंजिन असलेल्या गाड्यांना करसवलत असल्याने मोठ्या इंजिनाच्या छोट्या गाड्या महाग पडत. फियाटच्या रांजणगाव येथील कारखान्यात बनलेली अबार्थ पुंतो (२०१५, १.४ लिटर टर्बो इंजिन) त्यामुळे अपवादात्मक ठरली. पुण्याजवळील चाकण येथे बनणाऱ्या फोक्सवॅगन पोलोच्या जीटी टीएसआय आवृत्तीत १.२ लिटरचे टर्बो इंजिन वापरून ही मर्यादा पाळण्यात आली. पोलोचे येथील उत्पादन २०२२ मध्ये थांबले. टाटा मोटर्सने २०२४ मध्ये आणलेल्या अल्ट्रोझ रेसरमध्येही १.२ लिटरचे, १२० अश्वशक्तीचे टर्बो इंजिन आहे. २०२५ मध्ये भारतात आलेली गोल्फ जीटीआय आयात केलेली असून तिची आरंभीची किंमत सुमारे ५३ लाख रुपये होती.

सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचा दर वरील व्याख्येत बसणाऱ्या छोट्या गाड्यांवर १८ टक्के, तर मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आहे. विद्युत गाड्यांवर आकार वा शक्ती कितीही असली तरी ५ टक्केच कर आहे. म्हणजेच शक्तिशाली छोट्या गाडीच्या मार्गातील कराचा जुना अडथळा विद्युत गाड्यांना लागू नाही. तरीही टाटा टियागो ईव्हीसारख्या विद्युत हॅचबॅक शहरी वापरासाठी बेतलेल्या आहेत. २८६ अश्वशक्तीपर्यंतची, चाकण येथे बनणारी महिंद्रा बीई ६ यासारखी वेगवान मॉडेले एसयूव्ही वर्गात मोडतात. भारतीय ग्राहकांचा उंच गाड्यांकडे असलेला कल आणि मोठ्या बॅटरीस लागणारी जागा ही त्यामागील कारणे आहेत.

पुढील दिशा

या प्रकाराचे भवितव्य प्रामुख्याने तीन बाबींवर अवलंबून आहे: बॅटरीची ऊर्जाघनता, छोट्या साध्या विद्युत गाड्यांची विक्री आणि उत्सर्जन नियमांचे अंतिम स्वरूप. ऊर्जाघनता वाढल्यास तितक्याच अंतरासाठी हलकी बॅटरी पुरेल. मात्र उत्पादक या सुधारणेचा उपयोग वजन कमी करण्याऐवजी एका चार्जमधील पल्ला वाढवण्यासाठीही करू शकतात. मर्यादित पल्ला स्वीकारून वजन व किंमत कमी ठेवणे हा दुसरा मार्ग आहे. संकरित (हायब्रिड) यंत्रणेमुळे पेट्रोल इंजिन काही काळ टिकू शकते, पण दोन यंत्रणा एकत्र आल्याने वजनाचा प्रश्न सुटत नाही.

१९७६ मध्ये ११० अश्वशक्ती ही कौटुंबिक गाडीसाठी दुर्मीळ गोष्ट होती आणि ८१० किलो वजन सर्वसाधारण होते. विद्युत युगात ही स्थिती उलट झाली आहे. शक्ती सहज उपलब्ध आहे, तर हलकेपणा व माफक किंमत दुर्मीळ झाली आहे. त्यामुळे यापुढे हॉट हॅच कोणत्या गाडीस म्हणावे, हे अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा या दोन गुणांवरून ठरण्याची शक्यता अधिक आहे.