घरचा खेळ आणि दूरचा मित्र

समजा तुम्ही घरच्या संगणकावर ‘माइनक्राफ्ट’च्या जावा आवृत्तीचा सर्व्हर सुरू केलात. शेजारच्या खोलीतली बहीण लगेच खेळात येते. परगावचा मित्र मात्र येऊ शकत नाही. असे का बरे?

इंटरनेट प्रोटोकॉलच्या चौथ्या आवृत्तीचा पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच! ते जगाला पुरत नाहीत. म्हणून घराला सहसा एकच जाहीर पत्ता मिळतो आणि राउटर घरातल्या यंत्रांना खाजगी पत्ते देतो. ते बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. आतून गेलेल्या संदेशाची राउटर नोंद ठेवतो, म्हणून त्याचे उत्तर योग्य यंत्राकडे परतते. मित्राचा संदेश बाहेरून, आपण होऊन येतो. त्याची नोंद नसल्याने तो दारातच अडतो.

यावर उपाय आहे. संदेशावर पत्त्याबरोबर ‘पोर्ट’ क्रमांकही असतो; या खेळाचा नेहमीचा क्रमांक २५५६५. ‘या क्रमांकाचे संदेश सर्व्हरच्या खाजगी पत्त्याकडे पाठव’, असे राउटरमध्ये नोंदवायचे. यालाच पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. मित्राला मग घराचा जाहीर पत्ता द्यावा.

तरीही जमले नाही, तर राउटरचा बाहेरचा पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान सुरू होत असेल, तर सेवा देणाऱ्या कंपनीने एकच जाहीर पत्ता अनेक घरांत वाटला आहे. अशा वेळी कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा लागतो.

एक मात्र विसरू नका : उघडे दार परक्यालाही दिसते. तेवढाच एक पोर्ट उघडा, ओळखीच्या खेळाडूंनाच प्रवेश द्या आणि गरज संपताच राउटरमधली नोंद काढून टाका.