बहावा: तेल्हाऱ्याच्या उन्हाळ्यासाठीच घडलेलं झाड

एप्रिल संपत येतो. कपाशीची उलंगवाडी होऊन वावरं कधीचीच मोकळी पडलेली असतात, काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा असतात आणि पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत असतो. अशा दिवसांत बहावा हातहातभर लांब पिवळ्या घोसांनी लदबदून जातो. पावसाचा थेंब नसताना झाड एवढ्या फुलांसाठी पाणी आणतं कुठून?

उत्तर पानगळीत आहे. झाडातलं बहुतेक पाणी पानांवाटे वाफ होऊन उडतं. बहावा ऐन उन्हाच्या तोंडावर पानं गाळतो आणि हा खर्च थांबवतो. मुळं मात्र खोल थरातला ओलावा ओढतच राहतात. खोडात पुन्हा पाणी भरतं आणि कळ्या फुगतात. रीच आणि बोर्शर्ट या संशोधकांनी १९८४ मध्ये कोस्टारिकाच्या शुष्क जंगलातल्या झाडांबद्दल असंच मांडलं होतं. कोरड्या दिवसांत आकसलेली खोडं पानगळीनंतर पुन्हा फुगतात आणि खालच्या थरात ओल असेल तर झाड पावसाची वाट न पाहता फुलतं.

बहावा फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस येतो, असं आपल्याकडे म्हणतात. एप्रिलअखेरच्या बहरात पंचेचाळीस दिवस मिळवले की जूनचा मध्य येतो, आणि विदर्भात मोसमी पाऊस पोहोचायची नेहमीची वेळही तीच. त्यामुळे हे गणित बरेचदा जुळतं. पण झाडाला पुढचा पाऊस ठाऊक नसतो. सरलेल्या हंगामाचा ओलावा आणि वाढती उष्णता यांनाच ते उत्तर देत असतं. पेरणी त्याच्या भरवशावर करू नये.

अंगणात फुलझाड म्हणून आपण सर्रास गुलमोहर लावतो. तो मूळचा मादागास्करचा, ठिसूळ फांद्यांचा, वळवाच्या वाऱ्यात मोडणारा. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल सुंदर खरं, पण ते ओढ्याकाठच्या ओलाव्यात रमतं. वारीच्या भैरवगडापलीकडे सुरू होणाऱ्या सातपुड्यातलं, आपल्याच हवेत वाढलेलं झाड म्हणजे बहावा. केरळनं त्याला राज्यफुलाचा मान दिला, थायलंडनं २००१ मध्ये राष्ट्रीय फुलाचा. वऱ्हाडानं निदान अंगणात जागा द्यावी, असं मला मनापासून वाटतं.

रोपवाटिकेत रोप मिळतं, पण बीपासून वाढवण्यात गंमत आहे. उन्हाळ्यात फुललेल्या घोसांच्या शेंगा पिकायला जवळजवळ पुढचा उन्हाळा उजाडतो. काळ्या, नळीसारख्या शेंगेत आडव्या पडद्यांचे कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात चिकट गरात एकेक बी. ती तशीच पेरली तर महिनोन्‌महिने उगवत नाही, कारण तिच्या टणक सालीतून पाणी आत शिरतच नाही. जंगलात अस्वलं, कोल्हे, वानरं गोड गरासाठी शेंगा फोडतात आणि बिया दूरवर पसरवतात. काळ आणि झीज मिळून ती साल हळूहळू उघडते. घरी हेच काम पॉलिश पेपर करतो. बीची एक कड आतला फिकट भाग दिसेपर्यंत घासायची, देठाकडची बाजू सोडून. मग रात्रभर पाण्यात ठेवायची. सकाळी फुगलेल्या बिया पेराव्यात, न फुगलेल्या पुन्हा घासाव्यात.

सोटमूळ लवकर खोल जातं, म्हणून पिशवी उंच घ्यावी आणि रोप फार काळ तिच्यात अडकवू नये.

खरी परीक्षा आपल्या काळ्या मातीची. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून फाटते. अशा मातीत खोल खड्डा खणून रोप लावलं तर पावसाळ्यात त्यात पाणी साचतं आणि हवेवाचून मुळं कुजतात. त्यापेक्षा फूटभर उंच, रुंद मातीचा उंचवटा करून त्यावर लावावं. उन्हाळ्यात भेगा कोवळी मुळं तोडतात, म्हणून बुडाभोवती सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार जाड अंथरावं, फक्त खोडाला टेकू देऊ नये.

तेल्हारा तालुक्याचा पूर्णा नदीकडचा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथं बोअरचं पाणी रोपाला घालू नये. त्यातल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन बारीक छिद्रं बुजवतात, मग ना पाणी मुरतं ना हवा. साठवलेलं पावसाचं किंवा वान धरणाचं नळाला येणारं पाणी वापरावं. माती परीक्षणात सोडियम जास्त निघालं तर जिप्समचा उपयोग होतो: त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि सुटलेलं सोडियम पावसाबरोबर वाहून जातं, अर्थात निचरा असेल तरच.

भिंतीपासून चार-पाच मीटर अंतर आणि दिवसभराचं ऊन, एवढं बहाव्याला पुरे. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावं, नंतर हळूहळू तोडावं. बी लावून फुलं यायला काही वर्षं थांबावं लागतं. शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत. पावसाळ्यात हिरव्या अळ्या कोवळा पाला फस्त करतात, पण औषध फवारू नका. त्यांचीच फिकट पिवळी फुलपाखरं होतात आणि झाडाला नवी पालवी येते. एक गैरसमजही दूर करतो. बहावा शेंगवर्गीय असला तरी त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी नसतात. शेजारच्या झाडांना त्याच्याकडून खत मिळणार नाही.

फूल जवळून पाहाल तर दहा पुंकेसर तीन मापांचे दिसतील. तीन लांब, वर वळलेले. चार मध्यम. तीन अगदी खुरटे. या फुलात मध नसतो, परागकण हेच भुंग्याचं खाणं. मोठा काळा भुंगा मध्यम पुंकेसरांना घट्ट धरून पंखांचे स्नायू थरथरवतो, आणि परागकोशांच्या बारीक छिद्रांतून पराग झडतात. तो खाण्यात गुंतलेला असताना लांब पुंकेसरांचे पराग त्याच्या अंगाला लागतात आणि पुढच्या फुलावर पोहोचतात. एकाच फुलात वेगवेगळ्या तऱ्हेचे पुंकेसर कशाला, या कोड्यानं डार्विनलाही गुंतवलं होतं.

हा भुंगा वाळक्या लाकडात आणि बांबूत भोक पाडून अंडी घालतो. म्हणून परसातला एखादा जुना ओंडका, गोठ्याचा पडका वासा तसाच राहू द्यावा. झाड फुलतं पण शेंगा धरत नसेल, तर आसपास भुंगे येतात का ते आधी पाहावं. आणि शेंगा धरू लागल्या की पोरांवर लक्ष ठेवा. गर गोड लागतो, पण तो रेचक आहे. आयुर्वेदात आरग्वध म्हणून त्याचं औषध होतं, तेही वैद्यानं सांगितलेल्या मात्रेतच.