कुरणासाठी ट्रॅक्टरला काय जोडायचं? रोटाव्हेटर सगळीकडे चालत नाही

सेलू : तुरीच्या शेंगा भरल्या की रोह्यांचे कळप धुऱ्यावर येऊन उभे राहतात, हे बोर धरणाच्या आजूबाजूच्या गावांना सांगायला नको. जागलीवर बसणाऱ्याला प्रश्न पडतो, एवढं जंगल असताना जनावर शेतातच का येतं? एक कारण सरळ आहे. शेतातलं पीक मऊ, कसदार आणि एका जागी मिळतं. जंगलात ज्या मोकळ्या जागी गवत असायला पाहिजे, तिथे मात्र तरोटा, रानतुळस आणि घाणेरी माजते. चितळ, सांबर, रोही यांचं पोट त्यावर भरत नाही.

म्हणूनच जंगलात कुरणं तयार करण्याचं काम चालतं. २०१४ मध्ये जाहीर झाला तेव्हा बोर व्याघ्र प्रकल्प सुमारे १३८ चौरस किलोमीटरचा, देशातला सर्वांत लहान होता. आतल्या नवरगावचं पुनर्वसन झालं. गाव उठलं की मागे राहिलेली शेतं कुरणासाठी सर्वांत सोयीची जागा असते. ताडोबा आणि मेळघाटातही उठलेल्या गावांच्या जमिनीवर अशी कुरणं उभी राहिली. चिखलदऱ्याचे गवत अभ्यासक प्रा. गजानन मुरतकर यांचं नाव या कामात नेहमी घेतलं जातं.

आता असं काम गावाजवळ निघालं, किंवा ग्रामसभेने गायरानात गवत लावायचं ठरवलं, तर ट्रॅक्टर गावातलाच लागणार. आणि चूक होते ती इथेच. पऱ्हाटी-सोयाबीनच्या सवयीने आधी पलटी नांगर, मग रोटाव्हेटर मारला जातो. कुरणाचं गणित याच्या उलट आहे.

तरोट्याच्या बियांचं कवच टणक असतं. त्या जमिनीत कित्येक वर्षं पडून राहतात आणि पलटी नांगराने वर आल्या की पहिल्या पावसात हिरव्यागार उगवतात. गवताचं बी उलट बारीक आणि हलकं. ते एक-दोन सेंटीमीटरपेक्षा खोल गेलं तर वर येतच नाही. शिवाय जमिनीत आधीचे पवन्या, मारवेलचे ठोंब असले तर नांगर ते मुळासकट उलथून टाकतो. जे पाहिजे ते मरतं, जे नको ते उगवतं. कुरणात पलटी नांगराला जवळपास कामच नाही, असं समजलेलं बरं.

त्यामुळे अवजार जोडण्याआधी जमिनीवरून एक फेरी मारा. दोन-तीन पावलांवर चांगल्या गवताचे ठोंब दिसत असतील तर ट्रॅक्टर घरीच ठेवा. तिथे फक्त ऑगस्ट-सप्टेंबरात तरोटा फुलावर असताना हाताने उपटायचा. बी धरल्यावर उपटलेला तरोटा म्हणजे पेरणीच. घाणेरीलाही अवजार चालत नाही; वरून छाटली की ती दुप्पट फुटते. कुदळीने मुळाशी खोदून काढावी लागते. जेसीबी लावला तर झुडपासोबत वरची चांगली मातीही जाते.

ट्रॅक्टर लागतो तो नुसतं तण उरलेल्या जुन्या शेतात. तिथे पहिली पसंती तव्यांच्या हॅरोला. उन्हाळ्यात तीन-चार इंच खोल एक पाळी पुरते. आर्वी, कारंजा, आष्टीकडच्या बरड, गोट्याच्या जमिनीत तवा दगडावरून, खुंटावरून घसरत पुढे जातो. रोटाव्हेटरची पाती तिथे तुटतात आणि भाड्याच्या पैशापेक्षा दुरुस्ती महाग पडते. काळ्या, बिनगोट्याच्या जमिनीत रोटाव्हेटर चालेल, पण दोन-तीन इंचांवर. माती पिठासारखी केली की पहिल्या जोराच्या पावसात वर पापडी धरते आणि बारीक कोंब खालीच अडकतो. हरळी मात्र रोटाव्हेटरने तुकडे होऊन पसरते, त्याची इथे काळजी नको. शेतकऱ्याची वैरीण असली तरी चितळाला ती आवडते.

उतारावर पाळी आडवीच मारायची, उभी मारली तर माती नाल्यात.

पहिला पाऊस झाल्यावर लगेच पेरणीची घाई नको. तण उगवू द्या, मग उघाड पाहून वखर किंवा कल्टिव्हेटर वरच्यावर फिरवा. जमल्यास पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. यात थोडा पाऊस वाया जातो खरा, पण पुढची निंदणी वाचते.

पेरणी यंत्रातून हे बी पडत नाही. कुसळांमुळे गुंतून बसतं. ओलसर माती आणि शेणखतात कालवून हाताने फेकायचं, त्यावरून बाभळीची काटेरी फांदी ओढायची, झालं. मारवेलसारख्या गवताचे मुळासकट ठोंब लावले तर आणखी खात्रीचं.

या सगळ्याला ३५ ते ४५ एचपीचा ट्रॅक्टर पुरतो. नवीन अवजार घ्यायची गरज नाही, हॅरो गावात भाड्याने मिळतो. एकच पथ्य कडक पाळायचं: जंगलात शिरण्याआधी टायर आणि तवे धुऊन घ्यायचे. चिखलासोबत गाजरगवताचं बी जातं आणि जिथे ते नव्हतं तिथे उगवतं.

दुसऱ्या वर्षापासून स्लॅशरचं काम. सगळं कुरण एकदम कापू नये. पट्टे कापले की तिथे कोवळी फूट येते, चितळ त्यावर चरतात. उंच राहिलेल्या पट्ट्यात पाडसं दडतात, तित्तर-लावे अंडी घालतात.

इंटरनेटवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून कुणी मका, ज्वारी, बरसीमचे तुकडे पेरायला सांगेल. तिकडे ते बहुतेक हरणाच्या शिकारीसाठी पेरतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि गावाच्या कडेला ज्वारी पेरणं म्हणजे रोह्याला घरी बोलावणं. कुरण शेतांपासून दूर, आतल्या बाजूलाच पाहिजे. ते झालं तरी रानडुक्कर थांबेल, या भरवशावर राहू नये. त्याला कंद, भुईमूग आणि मका हवा असतो, कुंपण आणि जागल सुटत नाही. चितळ-रोह्यांचा ताण मात्र कमी होऊ शकतो, तोही गवत बसायला दोन-तीन पावसाळे गेल्यावर.

वनजमिनीवर परवानगीशिवाय ट्रॅक्टर नेता येत नाही, आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावं. गायरानाचा निर्णय ग्रामसभेत घ्यावा आणि पहिलं वर्ष चराई बंद ठेवण्याचं तिथेच ठरवावं; गवळाऊ गाई पाळणाऱ्यांना तेवढं वर्ष कापून नेलेल्या चाऱ्यावर काढावं लागेल. बी विकत घेण्यापेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात जवळच्याच चांगल्या गवताचं गोळा करून सावलीत वाळवावं. लगेच पेरलेलं बी नीट उगवत नाही, काही महिने कोरड्या पोत्यात राहिलं की पुढच्या जूनला ते तयार असतं.