मांड्या भरून येतात तेव्हा

साताऱ्याची हाफ मॅरेथॉन धावताना यवतेश्वर घाटाचा चढ लागला, की मांड्या भरून येतात, धाप लागते आणि सोबतचा कुणीतरी हमखास म्हणतो, ‘लॅक्टिक ॲसिड साठलंय.’ हा आळ फार जुना. 1907 मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या थकलेल्या स्नायूंत ते मोजलं आणि थकव्याचं खापर त्याच्या माथी फुटलं ते फुटलंच. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ठणकणाऱ्या मांड्यांचंही! वास्तविक धावणं थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचं शरीरातलं रूप) पूर्वपदावर येतं.

मुळात लॅक्टेट हे इंधन आहे. बर्कलीच्या जॉर्ज ब्रूक्स यांनी 1980 च्या दशकात हे ठामपणे मांडलं. स्नायूतले वेगवान तंतू ग्लुकोज भराभर मोडतात, त्यातून लॅक्टेट तयार होतं. ते तिथून निघून शेजारच्या संथ तंतूंत आणि हृदयात पोहोचतं, आणि ऑक्सिजनच्या साहाय्याने जळतं. उरलेल्यातल्या काहीचं यकृत पुन्हा ग्लुकोज करतं.

सरावाने बदलतं ते नेमकं इथे. लॅक्टेट पेशीत आत घेण्याचं काम मुख्यतः एमसीटी-1 नावाचं प्रथिन करतं. नियमित धावणाऱ्याच्या स्नायूंत ते वाढतं. केशवाहिन्या दाट होतात. लॅक्टेट जिथे जळतं त्या मायटोकॉन्ड्रियाही वाढतात. जॉन होलोझी यांनी 1967 मध्ये उंदरांना काही आठवडे पट्ट्यावर पळवलं, तेव्हा त्यांच्या स्नायूंची ऑक्सिजन वापरून इंधन जाळण्याची क्षमता सुमारे दुप्पट झाली होती.

माणसात हे बघायला कानाच्या पाळीतून काढलेला रक्ताचा एक थेंब पुरतो. ट्रेडमिलचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवायचा आणि प्रत्येक टप्प्याला रक्तातलं लॅक्टेट मोजायचं. विश्रांतीत आकडा लिटरमागे 1 मिलिमोलच्या आसपास असतो. हलक्या धावण्यात तो फारसा हलत नाही. मग एका वेगाला झपाट्याने चढू लागतो. मुरलेल्या धावपटूत ही चढण बऱ्याच वरच्या वेगाला सुरू होते. तयार झालेलं लॅक्टेट तो लगोलग वापरून टाकतो.

म्हणूनच रोज जीव तोडून धावणाऱ्या हौशी मंडळींना कळकळीने सांगावंसं वाटतं: आठवड्यातलं बहुतेक धावणं गप्पा मारता येतील इतक्या संथ वेगाने करा. लॅक्टेट जाळण्याच्या क्षमतेचा पाया त्यातून भरतो. जोराचे एक-दोन दिवस पुरेत. आणि जोरात धावून झालं की लगेच बसू नका, थोडं चाला. हलत्या स्नायूंत लॅक्टेट लवकर जळतं.