थरांची स्पर्धा आणि समाजाचे भान

गिरगावातील फणसवाडी ही मुंबईच्या जुन्या मराठी वस्तीपैकी एक. ठाकुरद्वार, मुगभाट, झावबावाडी आणि खेतवाडी यांच्या शेजारच्या या परिसरात आज अनेक ठिकाणी चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तथापि श्रावण वद्य नवमीचा दिवस उजाडला की गिरगावच्या गल्ल्यांचे जुने रूप पुन्हा प्रकट होते. दोन इमारतींच्या मध्ये दोर ताणला जातो, त्यावर दह्यादुधाची हंडी लटकते, गॅलऱ्यांतून पाण्याचा वर्षाव होतो आणि ढोलताशांच्या गजरात गोविंदा पथके थरांवर थर रचू लागतात. कृष्णाच्या बाललीलांशी नाते सांगणारा हा उत्सव गेल्या काही दशकांत मोकळ्या मैदानावरील एका साहसी क्रीडाप्रकारात रूपांतरित झाला आहे. या स्थित्यंतराने काय साधले आणि काय सांभाळले पाहिजे, याचा विचार उत्सवाशी संबंधित प्रत्येकाने करणे अगत्याचे आहे.

गल्लीतील हंडीपासून स्पर्धेपर्यंत

पूर्वी हंडी ही त्या त्या वाडीची असे. वाडीतील तरुणांनीच ती फोडावयाची, काल्याचा प्रसाद वाटून घ्यावयाचा आणि शेजारच्या वाडीकडे वळावयाचे, असा तो घरगुती सोहळा होता. पुढे हंडीला बक्षिसाची जोड मिळाली. नव्वदीच्या दशकानंतर मोठमोठ्या आयोजकांनी रकमा जाहीर केल्या आणि गिरगाव, दादर, लालबाग, माझगाव येथील पथके ट्रकमधून ठाणे व उपनगरांपर्यंत जाऊ लागली. हंडी फुटो वा न फुटो, ठरावीक थर रचून वरच्या गोविंदाने हात उंचावून दिलेल्या सलामीलाही बक्षीस मिळू लागले. साहजिकच थरांच्या संख्येला महत्त्व आले. १० ऑगस्ट २०१२ रोजी जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाणे येथे नऊ थर रचून १३.३४ मीटर उंचीचा जागतिक विक्रम नोंदविला. २०२५ साली ठाण्यातच दहा थर रचले गेले.

या यशामागे मोठे परिश्रम आहेत. बहुतेक पथकांचा सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो. दिवसभर कामधंदा करणारे तरुण रात्री एकत्र येतात. कोणी कोठे उभे राहावयाचे, कोणाच्या खांद्यावर कोणाचा पाय पडावयाचा, हे वजन, उंची आणि तोल पाहून ठरते. भक्कम बांध्याचे गोविंदा तळाशी उभे राहतात आणि त्यांना चहूबाजूंनी टेकू देणाऱ्यांचे कडे पडते. वर जावे तशी थरातील माणसे कमी होत जातात आणि अखेरीस एकेकटाच गोविंदा उभा असतो. त्यालाच पथकांच्या भाषेत एक्का म्हणतात. तळातील एकाचा खांदा ढळला तरी वरच्या सर्वांचा तोल जातो. एकमेकांवरील विश्वास हेच या खेळाचे खरे साधन होय.

उंचीचा हिशेब

या खेळातील धोका समजून घेण्यासाठी साधे गणित पुरेसे आहे. वीस फुटांवरून, म्हणजे सुमारे सहा मीटरवरून, सरळ खाली पडणाऱ्या वस्तूचा जमिनीजवळील वेग ताशी सुमारे ४० किलोमीटर असतो. तेरा मीटरवरून पडल्यास तो ताशी ५७ किलोमीटरपर्यंत जातो. उंची दुप्पट झाली की आघाताची शक्तीही दुप्पट होते. खाली दाटीने उभे असलेले गोविंदा पडणाऱ्याला झेलतात, त्यामुळे आघात पुष्कळ कमी होतो हे खरे. पण त्यांच्याही माना आणि पाठी त्यात दुखावतात. गोपाळकाल्याच्या दिवशी परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलजवळचे नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत जखमी गोविंदांची रीघ लागते. २०२२ साली मुंबईत थर कोसळून जखमी झालेल्या एका तरुणाला प्राणास मुकावे लागले.

सर्वांत वर हलक्या वजनाची व्यक्ती लागते. थर वाढत गेले तसतसे तेथे लहान मूल चढविण्याचा मोह वाढला. या खेळासंबंधीच्या न्यायालयीन वादाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

न्यायालय व शासन

मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये हंडीची उंची वीस फुटांपर्यंत मर्यादित केली आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या सहभागास मनाई केली. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१६ सालच्या उत्सवात हीच बंधने लागू राहिली. त्यानंतर प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत आले. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायालयाने उंचीवर बंधन घालण्याचे नाकारले व चौदा वर्षांखालील मुलांना थरांत सहभागी होऊ दिले जाणार नाही, हे राज्य शासनाचे आश्वासन नोंदवून घेतले. म्हणजेच उंचीचा निर्णय आयोजकांच्या विवेकावर आला, परंतु वयाची मर्यादा मात्र कायम राहिली.

ऑगस्ट २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी क्रीडाप्रकाराचा दर्जा देण्याची घोषणा विधानसभेत करण्यात आली. त्याच वेळी थर कोसळून गोविंदाचा मृत्यू झाल्यास वारसांना १० लाख रुपये, दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गमावल्यास साडेसात लाख रुपये आणि एक अवयव गमावल्यास ५ लाख रुपये साहाय्य देण्याचे जाहीर झाले. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, वरळी येथील बंदिस्त क्रीडागृहात प्रो गोविंदा ही साखळी स्पर्धा प्रथमच भरविण्यात आली. खेळाचा दर्जा मिळाला की खेळाची शिस्तही ओघाने येते. नियम, पंच, वैद्यकीय पथक आणि संरक्षक साधने यांवाचून कोणताही साहसी खेळ पूर्ण होत नाही.

कॅटलोनियाचा दाखला

स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतात मानवी मनोरे रचण्याची परंपरा दोन शतकांहून जुनी आहे. युनेस्कोने २०१० साली तिचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. तेथेही शिखरावर लहान मूल चढते. २००६ साली एका बालिकेचा मृत्यू झाल्यानंतर मुलांसाठी शिरस्त्राणाचा वापर रूढ झाला. तारागोना शहरात दर दोन वर्षांनी भरणाऱ्या स्पर्धेची गुणपद्धती विशेष मननीय आहे. मनोरा केवळ रचल्यास कमी गुण मिळतात. तो रचून सुखरूप उतरविल्यासच पूर्ण गुण मिळतात. थर कोसळले तर त्याचा फटका गुणांना बसतो, त्यामुळे झेपेल तेवढीच उंची गाठण्याची सवय पथकांना आपोआप लागते. आपल्याकडे बक्षीस बहुधा सलामीपाशीच संपते. ते सुखरूप उतरण्यापाशी संपावे, एवढा बदल आयोजकांनी केला तरी अनेक अपघात टळू शकतील आणि त्यासाठी कोणताही जादा खर्च येणार नाही.

स्पर्धेतून सेवा

फणसवाडीपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर असलेल्या मरीन ड्राइव्हवर दर जानेवारीत मोकळ्या रस्त्यावरील दुसरी एक मोठी स्पर्धा पाहावयास मिळते. २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये हजारो नागरिक आपल्या पसंतीच्या सेवाभावी संस्थेसाठी निधी जमवून धावतात. लंडन येथे १९८१ साली सुरू झालेल्या मॅरेथॉननेही ही प्रथा लोकप्रिय केली. विजेते मोजकेच असतात, पण लोकोपयोगी कार्याला हातभार लावल्याचे समाधान प्रत्येक धावपटूला लाभते.

गोविंदा पथकांनाही ही भावना परकी नाही. मुंबईतील अनेक मंडळे वर्षभर रक्तदान शिबिरे घेतात आणि विद्यार्थ्यांना वह्या-पुस्तकांचे वाटप करतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांत महापूर आला तेव्हा मुंबईतील अनेक मोठ्या आयोजकांनी आपल्या हंड्या रद्द करून तो निधी पूरग्रस्तांच्या मदतीसाठी देण्याचे ठरविले. हंडी न फोडताही उत्सवाचे सार्थक कसे होते, हे त्या वर्षी दिसून आले. बक्षिसाच्या रकमेचा ठरावीक हिस्सा जखमी गोविंदांच्या उपचारासाठी किंवा वस्तीतील एखाद्या गरजेसाठी राखून ठेवण्याचा नियम प्रत्येक मंडळाने स्वतःहून केला, तर अशा सेवेला सातत्य लाभेल.

गावपातळीवरील दक्षता

आज दहीहंडी तालुक्यांच्या ठिकाणी आणि गावोगावी पोहोचली आहे. तेथे मोठी रुग्णालये जवळ नसतात. म्हणून ग्रामपंचायतींची जबाबदारी शहरांहून अधिक आहे. पोलिसांची पूर्वपरवानगी, सर्व सहभागींचा विमा, वरच्या थरांसाठी शिरस्त्राण व सुरक्षा दोर, खाली जाड गाद्या आणि जागेवर रुग्णवाहिका एवढ्या गोष्टींची खात्री झाल्यावाचून हंडी बांधू देऊ नये. शाळांतून गोपाळकाला साजरा करताना हंडी मुलांच्या हाताला लागेल इतक्याच उंचीवर बांधावी. चौदा वर्षांखालील विद्यार्थी कोणत्याही पथकाच्या सरावाला जात असल्याचे शिक्षकांच्या निदर्शनास आल्यास त्यांनी पालकांशी वेळीच बोलावे. सरावातील पडणे हेही पडणेच असते.

गोपाळकाला म्हणजे सर्वांनी आपापली शिदोरी एकत्र करून वाटून खाणे. त्या मूळ कल्पनेत कोणी जिंकत नाही आणि कोणी मागे राहत नाही. स्पर्धेने या उत्सवाला कौशल्य दिले, व्यायामाची गोडी दिली आणि तरुणांना ओळख दिली. आता त्या स्पर्धेला शिस्तीची आणि सेवेची जोड देणे समाजाच्या हाती आहे. सकाळी घरून निघालेला प्रत्येक गोविंदा संध्याकाळी आपल्या पायांनी घरी परतला, तरच हंडी खऱ्या अर्थाने फुटली असे म्हणता येईल.