आमची बोली अशुद्ध कोणी ठरवली?

वेल्हे तालुक्यातल्या एका वस्तीवर वर्षावासाच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. वंदना झाली, भाषणे झाली, खीर वाटून झाली. निघताना नुकतीच बी. ए. झालेली एक मुलगी पुढे आली. म्हणाली, "काका, मला एम. ए.ला भाषाशास्त्र घ्यायचंय. घेऊ का?" तिचे वडील शेजारीच उभे होते. आम्ही तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "जय भीम, साहेब. ह्ये शिकून नोकरी लागती का, तेवढं सांगा. पोलीस भरती कर म्हनलं तर ऐकत न्हाय. आन् भाषा काय शिकायची? ती तर येतीच की आपल्याला."

प्रश्न रास्त आहे. ज्याच्या घरात महिन्याचा हिशोब बसत नाही, त्याने तो विचारलाच पाहिजे. एसटीची वेळ झाली होती, म्हणून उत्तर अर्धे राहिले. ते आज पुरे करतो.

त्या मुलीने सांगितलेली गोष्ट आधी ऐका. चौथीत असताना ती वर्गात 'पानी' म्हणाली. तिला सगळ्यांसमोर उभे करून दहा वेळा 'पाणी' म्हणायला लावले. वर्ग हसला. पुढे दोन वर्षे तिने उत्तर येत असतानाही हात वर केला नाही. वाचकहो, आपल्यापैकी किती जणांच्या घरात ही गोष्ट घडलेली आहे? हात वर करायचे थांबलेली किती पोरे पुढे शाळाच सोडून गेली, याचा हिशोब कोणी ठेवला?

भाषाशास्त्र म्हणजे शुद्धलेखनाचा तास नव्हे. माणसे जसे बोलतात, तसे ते का बोलतात आणि त्यात नियम कोणता, हे शोधणारे शास्त्र म्हणजे भाषाशास्त्र. आपल्या भोर-वेल्ह्याकडचेच उदाहरण घेऊ. आपली आजी विस्तवाला 'इस्तू' म्हणते, विंचवाला 'इच्चू' म्हणते, वेळेला 'येळ' म्हणते, वेड्याला 'येडा' म्हणते. मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला, पण म्हातारी माणसे अजून 'येल्हं'च म्हणतात. याला शिकलेले लोक गावंढळ म्हणतात. पण हीच आजी वाटेला 'याट' म्हणते का? वाऱ्याला 'यारा' म्हणते का? कधीच नाही. म्हणजे 'इ'च्या आधीचा 'व' गळतो, 'ए'च्या आधीचा 'व' जिभेच्या ओढीने 'य' होतो, आणि 'आ'च्या आधी तो जसाच्या तसा राहतो. चुकणारा माणूस वाटेल तिथे चुकतो. आपली आजी चुकत नव्हती, ती नियम पाळत होती. तो नियम फक्त पाठ्यपुस्तकात नव्हता, एवढेच.

मग शुद्ध-अशुद्ध आले कुठून? पुण्याच्या शिकलेल्या वरच्या जातींची बोली एकोणिसाव्या शतकात व्याकरणात, कोशात आणि छापखान्यात गेली आणि ती प्रमाण ठरली. ती जास्त तर्कशुद्ध होती म्हणून नव्हे. लेखणी ज्यांच्या हातात होती, त्यांची ती बोली होती म्हणून. प्रमाण मराठी शिकू नका, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. अर्ज, परीक्षा आणि न्यायालय यांसाठी ती आलीच पाहिजे, इंग्रजीही आलीच पाहिजे. पण दुसरी बोली शिकणे वेगळे आणि आपली बोली म्हणजे आपला गुन्हा असे मानणे वेगळे.

आपण रोज 'धम्म' म्हणतो, 'निब्बान' म्हणतो. संस्कृतात ते 'धर्म' आणि 'निर्वाण' आहे. निर्वाणात 'ण' आला तो आधीच्या 'र'मुळे. पालीत तो 'र' पुढच्या व्यंजनात मिळून गेला, म्हणून 'न' हा 'न'च राहिला. 'पानी'तल्या 'न'चे कारण वेगळे आहे, पण धडा एकच. ध्वनी बदलतात ते नियमाने बदलतात, त्यात पाप-पुण्य नसते. विनयपिटकात कथा आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू भगवंतांकडे तक्रार घेऊन गेले, की वेगवेगळ्या कुळांतले लोक बुद्धवचन आपापल्या बोलीत बिघडवतात, तेव्हा ते छंदात बांधू द्या. भगवंतांनी त्यांना नकार दिला आणि आपल्या बोलीत शिकण्याची मुभा दिली. पुढे पंडितांनी या वचनाच्या अर्थावर पुष्कळ वाद घातले. पण तक्रार कोणाची होती आणि नकार कोणी दिला, यात वाद नाही.

शाळेत बाबासाहेबांना संस्कृत शिकायचे होते. ते अस्पृश्य म्हणून नाकारले गेले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. त्याच बाबासाहेबांनी पुढे पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर काम केले. महाराष्ट्र शासनाने ते १९९८ साली त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या सोळाव्या खंडात छापले. राज्यघटना लिहिणाऱ्या माणसाला कोशाच्या कामाला वेळ काढावासा वाटला. भाषा हा फावल्या वेळेचा विषय आहे असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता हे शिकायचे कुठे? वेल्ह्याहून नसरापूरमार्गे स्वारगेट आणि तिथून येरवडा. येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे. याचा इतिहास मुद्दाम सांगतो. १८२१ साली एल्फिन्स्टनच्या काळात पुण्यात हिंदू कॉलेज निघाले. त्याला पैसा गेला तो पेशवाईतल्या ब्राह्मणांच्या दक्षिणा फंडातून. त्याच संस्थेचे पुढे डेक्कन कॉलेज झाले. १९३९ साली ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून नव्याने उघडले आणि भाषाशास्त्राचे देशातले मोठे केंद्र झाले. दक्षिणेच्या पैशावर सुरू झालेल्या या संस्थेत आज कोणत्याही शाखेच्या पदवीधराला भाषाशास्त्राच्या एम. ए.साठी अर्ज करता येतो. दोन वर्षांत ध्वनी, शब्दरचना, वाक्यरचना, अर्थ, भाषेचा इतिहास आणि समाज व भाषा यांचे नाते शिकवतात. मुंबई विद्यापीठातही हा विभाग आहे.

काम किती पडले आहे, ते पाहा. डॉ. अमृत घाटगे यांनी मराठीच्या बोलींची पाहणी केली. त्यातले महाडच्या कुणबी बोलीवरचे पुस्तक १९६६ साली आले. भोरहून वरंधा घाट उतरले की तेच महाड, जिथे १९२७ साली आपण पाण्याला हात लावला. मूळच्या अमेरिकेतल्या मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या बोलण्यावर १९७३ साली पीएच. डी. केली आणि जात, शिक्षण व बोली यांचा संबंध तपासला. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने राज्यभर फिरून बोलींचे ध्वनिमुद्रण केले. ही कामे मोलाचीच आहेत. पण या वह्यांमध्ये आपला माणूस बहुतेक वेळा एकाच जागी बसलेला दिसतो, तो म्हणजे बोलून दाखवणारा. प्रश्न विचारणारा आणि लिहून घेणारा दुसराच असतो. घाट उतरताना कोणता शब्द कोणत्या गावाशी थांबतो? कातकरी वाडीतली पोरे शाळेत गप्प का होतात? भाटघर आणि पानशेतच्या पाण्याखाली गेलेल्या गावांची बोली कोणत्या वसाहतीत उरली आहे? बौद्धवाडीचे आणि गावठाणाचे बोलणे आज कुठे वेगळे आहे, कुठे एक झाले आहे? हे प्रश्न त्या मुलीला घरबसल्या सुचतील. ते विचारायला बाहेरून कोणी यावे लागू नये.

आणि हे शास्त्र न्यायालयातही उभे राहिले आहे. अमेरिकेत विल्यम लबॉव यांनी दाखवून दिले की काळ्या मुलांची इंग्रजी मोडकी नसून तिला स्वतःचे व्याकरण आहे. १९७९ साली मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर इथल्या काळ्या मुलांच्या खटल्यात त्यांनी साक्ष दिली. शिक्षकांनी मुलांची घरची बोली लक्षात घेऊनच वाचन शिकवावे, अशा अर्थाचा निकाल लागला. 'पानी' म्हणणाऱ्या पोरीच्या बाजूने अशी साक्ष देणारा आपल्यात कोण आहे?

आता नोकरीचे बोलू, कारण वडिलांना तेच हवे होते. खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. प्राध्यापकांच्या जागा थोड्या आहेत आणि भरती रखडते. पण यूजीसी नेटमध्ये भाषाशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, म्हैसूरला केंद्र सरकारची भारतीय भाषा संस्था आहे. शिवाय संगणकाला बोलणे ऐकायला आणि भाषांतर करायला शिकवण्याचे काम वाढते आहे. केंद्राची 'भाषिणी' योजना २०२२ पासून त्यासाठीच चालू आहे. उद्या रुग्णालयात, बँकेत यंत्र मराठी ऐकेल, तेव्हा त्याला 'येळ' कळेल की फक्त 'वेळ'? हे ठरवणाऱ्या खोलीत आपले कोणी असेल की नाही, हा प्रश्न आजचा आहे.

अडचणी आहेत. पुस्तके बहुतेक इंग्रजीत आहेत, पुण्यात राहण्याचा खर्च आहे. त्यासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, समाजकल्याणची वसतिगृहे आहेत, वसतिगृह न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. पुढे संशोधनाला बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. पैसे उशिरा येतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. तिथे भोर-वेल्ह्यातल्या नोकरदार बांधवांनी पहिल्या सहा महिन्यांच्या जेवणाचा भार उचलावा. एका जयंतीच्या डीजेच्या खर्चात एका मुलीचे एक सत्र निघते.

तेव्हा दादा, भाषा आपल्याला येतेच, हे तुमचे म्हणणे अगदी खरे आहे. तुमच्या मुलीकडे ते भांडवल आधीपासून आहे. पोलीस भरतीचा अर्जही तिने जरूर भरावा. पण एक अर्ज येरवड्याचा भरू द्या. आजवर आपण बोललो आणि दुसऱ्यांनी लिहून घेतले. आता एकदा वही तिच्या हातात असू द्या.