हरलेल्यांची उमरावकी

७ मे २०१५ च्या निवडणुकीत ब्रिटनच्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचं पानिपत झालं. ५७ खासदारांचे ८ उरले. ऑगस्टअखेर संसद-विसर्जनाच्या सन्मानांची यादी आली, तीत ४५ नवे उमराव, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचे (हाउस ऑफ लॉर्ड्सचे) सदस्य, होते. हुजूर पक्षाचे २६, मजूर पक्षाचे ८ आणि लिबरल डेमोक्रॅटांचे तब्बल ११! मतदारांनी दिले त्याहून तीन जास्त. गंमत म्हणजे याच पक्षाचे निक क्लेग उपपंतप्रधान असताना उमरावसभा बव्हंशी लोकनियुक्त करायला निघाले होते. हुजूर बंडखोरांमुळे ते विधेयक २०१२ मध्ये बारगळलं.

विधान परिषदेतलं ‘राजकीय पुनर्वसन’ आपल्याला नवं नाही. पण परिषदेत सहा वर्षांनी मुदत तरी संपते. ब्रिटनमध्ये १९५८ च्या कायद्याने नेमलेला उमराव तहहयात असतो आणि अशा नेमणुकांना कमाल मर्यादाच नाही. पगार मिळत नाही. पण २०१५ मध्ये हजेरीचे दिवसाला ३०० पौंड मिळत, तेही करमुक्त. लाल झगा पांघरलेला नवा उमराव दोन जुन्यांच्या मधून सभागृहात येतो, फर्मान वाचलं जातं, तो शपथ घेतो आणि कायद्यात दुरुस्त्या सुचवायला मोकळा होतो. नुसता ‘सर’ किताब मिळालेल्याला यातलं काहीच मिळत नाही. क्लेग २०१७ मध्ये शेफील्डला पडले आणि २०१८ च्या नववर्षाच्या यादीत सर झाले. होईनात का! बिरुदाने कुणाचा कायदा बदलत नाही.

२०१५ च्या यादीत हुजूर पक्षाचे माजी खासदार डग्लस हॉगही होते. २००९ मध्ये खासदारांच्या खर्चाची कागदपत्रं फुटली, तेव्हा त्यांच्या वाड्याभोवतीचा खंदक उपसण्याचे २,११५ पौंड देशभर गाजले. त्या पैशांची मागणी आपण केलीच नव्हती, असं त्यांचं म्हणणं. वडिलोपार्जित उमरावकी त्यांच्याकडे होतीच, पण १९९९ च्या कायद्यानंतर नुसत्या वारशावर सभेत बसता येईना. मग नवी मिळाली.

हे सारं सभ्य वाटावं असा काळ पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांचा. त्यांच्या निवडणूक निधीसाठी किताब चक्क विकले जात. दलाल मॉन्डी ग्रेगरीने डाउनिंग स्ट्रीटजवळच पार्लमेंट स्ट्रीटवर कचेरी थाटली होती. ‘सर’ सुमारे १०,००० पौंडांना, बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब ३०,००० ला, उमरावपद ५०,००० च्या पुढे. १९२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे खाणमालक जोसेफ रॉबिन्सन यांचं नाव यादीत आलं आणि गहजब झाला, कारण भागधारकांचं नुकसान केल्याबद्दल न्यायालयाने त्यांच्यावर जबर भरपाई बसवली होती. उमरावपद नाकारायला सांगणारा दूत आला, तेव्हा कानाने अधू रॉबिन्सननी ‘आणखी किती?’ म्हणत चेकबुक काढलं, असा किस्सा सांगतात. खरा असो-नसो, त्या काळाला शोभतो. १९२५ मध्ये किताबविक्रीविरुद्ध कायदा झाला. त्याखाली शिक्षा झालेला एकमेव माणूस म्हणजे हाच ग्रेगरी. १९३३ मध्ये ५० पौंड दंड, दोन महिने कैद.

२००६ मध्ये मजूर पक्षाला दिलेली कर्जं आणि उमरावपदं यांच्या संबंधावरून पोलिसांनी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचीही चौकशी केली. आरोपपत्र कुणावरच आलं नाही. २००० पासून नेमणूक आयोग नावं पारखतो, पण सचोटीपुरतीच. माणूस त्या कामाचा आहे का, हे पक्षनेत्यानेच ठरवायचं. शिवाय आयोगाचा सल्ला पंतप्रधानांवर बंधनकारक नाही. बोरिस जॉन्सन यांनी २०२० मध्ये तो डावलून हुजूर पक्षाचे देणगीदार पीटर क्रडस यांचं नाव उमरावपदासाठी पुढे केलं.

२०२४ मध्ये विसर्जनाच्या यादीने निकालाचीही वाट पाहिली नाही. ४ जुलैला, मतदानाच्या दिवशीच, ती जाहीर झाली. खासदारकी सोडणाऱ्या हुजूर पक्षाच्या थेरेसा मे तीत होत्या, तशाच मजूर पक्षाच्या हॅरिएट हर्मनही.